टपावरचं बिऱ्हाड

तातेरावने जीपमधून पिठाचा डबा उतरवला आणि वेल्डिंगच्या दुकानापुढच्या मोकळ्या जागेत ठेवला. त्याला लागून तवा, परात, दोन पातेली, पाण्याचे तीन कॅन. मग बाज. मग गोधड्यांचं गाठोडं, कोंबड्यांची डालकी, आणि सगळ्यात शेवटी वाघर, म्हणजे रात्री मेंढ्या कोंडायची जाड दोऱ्याची जाळी, तिच्या खुंट्यांसकट. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. हे तो कुणाला सांगत नसे.

डोंगरकडा गावात रस्त्याच्या कडेला रामप्रसादचं दुकान होतं. तो काळा चष्मा कपाळावर सारून बघत राहिला.

“मामा, बाजार मांडून राहिले का?”

“माप आणलंय.”

“माप फुटात सांगतेत. पाच बाय चार, सहा बाय चार, काय ते.”

“फुटातलं मला समजत न्हाई. हे समदं जीपच्या टपावर बसंल असा कॅरिअर पाहिजे. आन् एकट्या माणसाला चढवता आलं पाहिजे, उतरवता आलं पाहिजे.”

“एकट्याला येवढं?” रामप्रसाद हसला. “कॅरिअर करायचाय का घर बांधायचंय, मामा?”

तातेराव हसला नाही. तेव्हा रामप्रसादला काहीतरी आठवलं असावं. त्याने खिशातून टेप काढली आणि खाली बसून बाजेची लांबी घ्यायला लागला.

त्याची बायको मनकर्णा श्रावणात गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी हिंगोलीच्या दवाखान्यातून तिला गाडीत घालून आणलं. दिवाळीनंतर सोयाबीनची रानं मोकळी झाली की दर वर्षी दोघं मेंढ्या घेऊन निघत. आज एकाच्या वावरात मेंढ्या बसवायच्या, उद्या दुसऱ्याच्या. खत शेतकऱ्याला, धान्य आपल्याला. एकतीस वर्षं घोडीवर बिऱ्हाड लादलं ते मनकर्णाने. काय खाली, काय वर, दुखणाईत कोकरू कुठे, हे तातेरावला ठाऊक नव्हतं. सकाळी तो मेंढ्यांमागे निघे तेव्हा ती आवरत असे. संध्याकाळी तो पोचे तेव्हा चूल पेटलेली असे.

तिचं तेरावं झाल्यावर त्याने एकट्याने घोडी लादून पाहिली. एक बाजू बांधेपर्यंत घोडी गर्रकन फिरे आणि दुसऱ्या बाजूचं सामान तिच्या पायात येई. तीन दिवस त्याने हेच केलं. चौथ्या दिवशी घोडी आणि वर आठ मेंढे देऊन त्याने ही जुनी जीप घेतली. चारी चाकं ओढणारी, काळ्या रानातून आणि ओढ्यातून निघणारी. तरुणपणी दोन वर्षं त्याने एका ठेकेदाराची जीप चालवली होती, तेवढ्यावर.

मुलगा विश्वंभर हिंगोलीला हळदीच्या अडतीवर कामाला होता. जीप पाहून तो म्हणाला होता, “आबा, मेंढरं इकू. माय न्हाई तर हे आता चालत न्हाई. माझ्याकडं या.”

“मी एकट्यानं समदं बिऱ्हाड चढवून दाखवलं तर?”

विश्वंभरने जीपभोवती एक फेरी मारली होती. मग म्हणाला, “दाखवा. शनिवारी सकाळी धा वाजता मेंढरांचा व्यापारी येणार हाय. त्याच्या आधी दाखवा. जमलं तर त्याला न्हाई म्हणतो.”

नव्वद मेंढ्या होत्या. संध्याकाळी वाड्यात शिरताना त्या अजूनही दाराशी क्षणभर अडत. मनकर्णा तिथे उभी राहून मोजत असे. त्या विकल्या की तिच्यासाठी असं अडणारं कुणी उरणार नव्हतं.

आज सोमवार होता.

रामप्रसादने इंचाचा चौकोनी पाइप काढला. टपावर हात मारून पत्र्याचा आवाज ऐकला आणि तोंड वाकडं केलं.

“पापड हाय नुसता. वजन पत्र्यावर टाकलं तर कोंबड्यांसकट तुमच्या डोक्यावर येईल. खालून खांब घेऊ, बंपरपासून.”

“घे.”

“मागं शिडी लागंल.”

“शिडी तर पाहिजेच. आन् कप्पी बसव. दोरानं वर वढीन.”

“कप्पी काहून? असं हातानं...” रामप्रसादने दोन्ही हात वर करून दाखवले.

“कप्पी बसव,” तातेराव म्हणाला.

मंगळवारी सांगाडा उभा राहिला. बुधवारी त्यांनी सगळं सामान वर बांधून जीप ओढ्यात घालून पाहिली. मधल्या दगडावर चाक चढलं तशी गाडी एका अंगावर कलली, तिथेच थांबली, आणि मग हळूच परत आली. रामप्रसाद दार उघडून पाण्यात उभा होता.

“मामा, मला लेकरंबाळं हायेत! पाणी वर ठेवतं का कुणी? समदं वजन टाळूवर घेऊन राहिले तुमी.”

पाण्याचे कॅन आणि पीठ आत, सीटच्या मागे गेलं. वर बाज, गोधड्या, वाघर आणि डालकी. कॅरिअर चार बोटं खाली घ्यायचं ठरलं. म्हणजे सांगाड्याचे आठही पाय कापायचे आणि नव्याने जोडायचे.

गुरुवारी सकाळीच लाईट गेली. अकरा वाजले, एक वाजला. रामप्रसाद दुकानाच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होता.

“न्हाई झालं शनिवारी तर रविवारी होईल, मामा. कॅरिअर कुठं पळून चाललाय?”

“रविवारी मेंढरं नसतील.”

तातेरावने त्याच्याकडून करवत मागून घेतली. पाइप पायाखाली दाबून तो कापायला लागला. उजव्या हातात जोर येईना, म्हणून करवत डाव्या हातात घेतली. दोनदा पातं तुटलं. तिसऱ्यांदा घसरून अंगठ्याला लागलं, त्यावर त्याने चिंधी गुंडाळली. पाचवा पाय कापून होईपर्यंत रामप्रसाद तंबाखू मळायचा थांबला होता. तो उठला, दुसरी करवत काढली आणि समोर येऊन बसला.

लाईट चारला आली. शुक्रवारी दिवे लागायच्या वेळी कॅरिअर टपावर बसला. रामप्रसाद त्यावर चढून नाचून दाखवत होता आणि खालून जाणारी माणसं हसत होती. तांबडा रंग वाळला नव्हता. तातेराव घरी पोचला तेव्हा त्याचे दोन्ही तळहात लाल होते.

शनिवारी नऊच्या आत विश्वंभर मोटारसायकलवर आला. अंगणात सामान मांडून ठेवलेलं होतं. वाड्याचं दार उघडं होतं आणि मेंढ्या बाहेर येऊन शेताकडे जाणाऱ्या पांदीच्या तोंडाशी उभ्या होत्या.

“हात लावू नको कशाला,” तातेराव म्हणाला.

विश्वंभर लिंबाखाली जाऊन उभा राहिला.

तातेरावने कॅन आत सरकवले. पीठ, भांडी. मग शिडीने वर जाऊन दोर कप्पीवरून सोडला, खाली आला, बाजेला गाठ मारली आणि अंगाचा सगळा भार देऊन ओढलं. बाज अर्ध्यावर येऊन फिरली आणि कॅरिअरच्या कडेला अडकली. त्याने दोर कमरेला गुंडाळला, शिडीच्या दोन पायऱ्या चढला आणि डोक्याने ढकलून ती आत पाडली. विश्वंभर एक पाऊल पुढे आला होता. तो परत मागे गेला. मग वाघर. तिचं वजन त्याला कधीच कळलं नव्हतं. मनकर्णा ती काखेत मारून नेत असे. गोधड्या सोप्या गेल्या. डालकी वर जाताना कोंबड्यांनी अंगण डोक्यावर घेतलं.

शेवटी त्याने आडवे दोर टाकले आणि खाली येऊन कॅरिअरचा खांब धरून हलवला. काहीच हललं नाही. अंगातला सदरा घामाने चिकटला होता. त्याने लिंबाकडे पाहिलं.

“एकट्यानं,” तो म्हणाला.

“व्हय, आबा,” विश्वंभर म्हणाला.

तातेराव सीटवर बसला. किल्ली फिरवली. इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. त्याने गिअर टाकला आणि सवयीने आरशात पाहिलं.

आरशात मेंढ्या होत्या. नव्वदच्या नव्वद पांदीच्या तोंडाशी उभ्या होत्या, माना वर करून. कुणीतरी काठी घेऊन मागे येण्याची वाट बघत.

त्याचा पाय क्लचवरच राहिला.

पांदीच्या दोन्ही अंगाला हळद उभी होती. गाडी पुढे नेऊन ठेवावी, तर तोवर मेंढ्या हळदीत. मेंढ्या पुढे न्याव्या, तर गाडी इथेच. त्याने हे पुन्हा एकदा मनात मांडून पाहिलं. मग उलटं मांडून पाहिलं. इंजिन चालू होतं आणि वर कोंबड्या गप्प झाल्या होत्या.

इकडे तो दिवसभर मेंढ्यांमागे चाले, तेव्हा तिकडे ती लादलेली घोडी धरून एकटी चालत असे. एकतीस वर्षं.

त्याने इंजिन बंद केलं. विश्वंभर दाराशी येऊन उभा होता.

“तुला ठाऊक होतं,” तातेराव म्हणाला.

“व्हय. लहानपणी मी घोडीवरच बसत होतो ना, मायच्या संगं.”

“मंग सोमवारच्या आधीच बोलला काहून न्हाईस?”

विश्वंभरने दाराजवळच्या कॅरिअरच्या खांबावर हात ठेवला. तांबडा रंग त्याच्या बोटांना लागला.

“गडी पाह्यला मी. चार गावं फिरलो. मेंढरामागं चालायला आता कोणी येत न्हाई. येऊन तेच सांगणार होतो. सोमवारी फोन केला तर शेजारची सुभद्रामावशी म्हणाली, आबानं आज दोन भाकरी खाल्ल्या. माय गेल्यापासून पहिल्यांदा.” त्याने बोटं पँटला पुसली. “मंग मी न्हाई आलो.”

तातेरावचे हात अजून स्टिअरिंगवर होते. अंगठ्याची चिंधी सैल झाली होती, ती त्याने दातांनी धरून आवळली.

“किती वाजले?”

“पावणेधा. व्यापारी येतच असंल.”

तो खाली उतरला. किल्ली गाडीतच राहिली. भिंतीला टेकवलेली काठी त्याने घेतली, तशा मेंढ्या वळल्या. रोज सकाळी निघताना तो मनकर्णाला एवढंच सांगत असे, आज कुणाच्या वावरात उतरायचं ते. तीही नुसती मान हलवत असे.

“देवलाच्या वावरात,” तो म्हणाला. “ओढ्याच्या पल्याड.”

विश्वंभर दाराशीच उभा होता. त्याच्या खिशात फोन वाजायला लागला.

तातेराव पांदीला लागला. मेंढ्यांच्या पायांची धूळ त्याच्या गुडघ्यांपर्यंत आली. वळणापर्यंत त्याने मागे पाहिलं नाही, पण काठी जमिनीला लागू दिली नाही, आवाज ऐकू यावा म्हणून. फोन वाजायचा थांबला होता. गाडीचा आवाज अजून आला नव्हता.