नेरियोचे एक वाक्य

"ज्याने मुक्या जनतेला वाचा दिली, त्या थोर दिवंगत दिग्दर्शकाची आज जन्मशताब्दी!" नगराध्यक्ष फोस्को गरजले आणि माईक बंद पडला. उरलेले भाषण त्यांनी नुसते तोंड हलवून पुरे केले. टाळ्यांचा कडकडाट झाला. इतके सुसह्य ते पूर्वी कधी बोलले नव्हते.

चर्चसमोरच्या चौकात पडदा ताणला होता. तळलेल्या वाम माशांचा वास थेट पहिल्या रांगेपर्यंत येत होता. तिथे आर्जियाकाकी ठेवणीतली शाल पांघरून बसल्या होत्या.

"काकी, एवढं पुढं? मान अवघडेल," मी म्हणालो.

"बघायचंय कुणाला? फोटो आहेत घरी. मला ऐकायचंय."

पोटभर जेवलेले नट गरीब दिसत नाहीत, म्हणून त्या दिग्दर्शकाने आमच्याच गावातली माणसे आज दाखवायच्या या सिनेमात घेतली होती. काकींचा नवरा नेरियो त्यात एक वाक्य बोलला होता. नेरियो शब्दाशब्दाला अडखळायचा. लग्नात तो 'हो' म्हणेपर्यंत पाद्रीबाबांनी दोनदा तपकीर ओढली होती. सिनेमा जवळच्या फेरारा शहरात लागला तेव्हा काकी बाळंतीण होत्या. नेरियो एकटाच सायकलवरून जाऊन आला.

"कसा झालाय?" काकींनी विचारले होते.

"ठ... ठीक."

पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. आता तो जाऊनही जमाना झाला. "आवाजच आठवेनासा झालाय रे," काकी मला कालच म्हणाल्या होत्या.

पडद्यावर नेरियो आला. तरणाबांड, खांद्यावर जाळे. त्याचे ओठ थबकले, थरथरले, पुन्हा थबकले. आवाज मात्र रेल्वेच्या घोषणेसारखा खणखणीत आला, "उद्या नक्की पाव आणतो!"

"वा! नेरियो काय बोललाय!" मागून कोणीतरी ओरडले.

काकींनी माझ्याकडे पाहिले. "हा कोण?"

"तेव्हा शूटिंग झाल्यावर रोमच्या नटांचे आवाज भरायचे, काकी. सगळ्यांनाच."

काकींनी शालीचे टोक बोटाभोवती गुंडाळले. "तरीच मेला 'ठीक' म्हणाला," त्या पुटपुटल्या.

सिनेमा संपला. माईक दुरुस्त झाला होता. तो घेऊन फोस्को वाकले. "काकी, नेरियोकाकांविषयी दोन शब्द बोला. सगळं गाव ऐकतंय."

काकींनी माईक हाताने बाजूला सारला.

"फोस्को, त्याचं तेवढंच परत दाखव ना रे. आणि आवाज बंद कर."