नऊ जत्रांचं पुण्य

वेणीमाधव कारकुनांनी टाक दौतीत बुडवला आणि तिसऱ्यांदा विचारलं, "नीट आठवून सांग. याआधी कुठं काम केलंयस?"

"न्हाय," रत्नम्मा म्हणाली.

"मुलं सांभाळलीस कुणाची?"

"घरची एक लेक हाय."

कारकून बिचारे भले गृहस्थ. गिरणीच्या पाळणाघरात चाळीस पोरं. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कानडी, कुणाच्या तेलुगू. बाई अनुभवाचीच घ्या, असा वरून हुकूम. आता 'न्हाय' हा काय अनुभव झाला? त्यांनी सुस्कारा सोडून कागद बाजूला सारला.

 रत्नम्माचा नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. दिराच्या घरात भाकर मिळे, ती बोलणी खाऊन. आणि परवाच दिरानं बजावलं होतं, पोरीची शाळा आता बंद.

तरी ती बोलेना. खरं तर दर संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत, चुकलेल्या पोरांच्या मांडवात, ती नऊ वर्षं फुकट राबत होती. पण ती सिद्धेश्वराची सेवा, मेलेल्या नवऱ्याच्या नावानं वाहिलेली. सेवा तोंडानं सांगितली की पुण्य सरतं, हे तिच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. नवऱ्याचं पुण्य देऊन नोकरी मागायची? तिची जीभच उचलेना.

दाराशी बसलेली सासू, काशम्मा, काठी टेकत आत आली.

"सांग की गं."

"नको. त्यांच्या नावचं हाय ते."

"त्याची आय मी हाय. मी म्हणते, सांग."

रत्नम्मा पदराचं टोक चोळत राहिली. मग खाली बघतच तिनं जत्रेतल्या मांडवाचं सांगितलं.

"बापाचं नाव इचारलं तर पोर 'आप्पा' एवढंच म्हणतंय. म्हणून मी इचारते, दारात काय हाय? पोर हातमाग म्हणलं तर घर इणकऱ्याचं, मी तेलुगूत बोलते; म्हैस म्हणलं तर गवळ्याचं, मग कानडीत. घरची बोली ऐकली की रडं थांबतंय, मग गल्ली सांगतंय."

"किती वर्षं हे?"

"नऊ."

"आणि मुलं किती पोचवलीस?"

"मोजली न्हाईत. मागं एक बी न्हाय राहिलं."

कारकुनांनी कागद पुन्हा पुढं ओढला. अनुभवाच्या रकान्यात 'नऊ वर्षे' असं लिहिलं आणि सोमवारी सकाळच्या भोंग्याला हजर राहायला सांगितलं.

बाहेर आल्यावर रत्नम्माला रडू आवरेना.

"त्यांचं पुण्य गेलं की वो."

"जाऊ दे," काशम्मा म्हणाली. "माजंच पोर, मला ठावं हाय. जित्तेपणी लेकीसाठी त्यानं इकडची काडी तिकडं केली न्हाय. आता तरी कामी आला."

आणि सुनेचा हात धरून म्हातारी गिरणीच्या फाटकाशी, भर उन्हात, दहा वर्षांनी लेकासाठी पोटभर रडली.