उणे चाळीस

सुतळीच्या टोकाला बांधलेला दगड.

एका जुन्या स्कूटरचा मीटर.

देवळाच्या गच्चीवर शांतम्मा, काखेत कोंबडी.

४२९४९६७२५६.

यातला दगड कल्लप्पाचा. स्कूटरही त्याचीच होती. शांतम्मा त्याची बायको. आकडा मात्र आपला नाही, असं तो सकाळपासून सगळ्यांना सांगत होता.

"अवो, पाणी कुठवर आलंय?" गच्चीवरून शांतम्मा ओरडली.

"घोट्याएवढं हाय. उतर खाली!"

"मोबाइल म्हणायलाय, बेचाळीस हजार किलोमीटर!"

"मग गच्चीवर चढून काय करायलीस?"

कल्लप्पा जनवाड्याजवळच्या पुलावरची पट्टी वाचतो. पुलाच्या खांबावर सेंटिमीटर रंगवलेले आहेत. रोज सकाळी आठला नदीचं पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते कळवायचं. सव्वीस वर्षं वहीत लिहिलं, यंदापासून मोबाइलात. उन्हाळ्यात पाणी शून्याच्याही खाली उतरतं. मग तो शून्यापासून सुतळीनं दगड सोडतो, दगड पाण्याला टेकला की सुतळी मोजतो आणि लिहितो: उणे चाळीस. वहीनं कधी तक्रार केली नाही. मोबाइलनं मात्र साऱ्या गावाला पुराचा इशारा दिला.

दुपारी पाणी खात्याचे बसवंतप्पा साहेब जीपनं आले. बूट न भिजवता नदी बघून झाली.

"कल्लप्पा, उद्यापासून शून्य टाकायचं. विषय संपला."

"शून्य म्हंजे कोरडी, साहेब. पंधरा दिवस कोरडी दिसली की पट्टी बंद करताव तुम्ही. नाल्यावरची तशीच बंद केलाव. मला घरी बसवायलाव व्हय?"

"मला काय विचारायलास? कलबुर्गीला प्रेरणा म्हणून पोरगी हाय, मोबाइलातलं हे सगळं तिनं केलंय. तिला विचार."

शून्य.

शून्य.

शून्य. तिसऱ्या दिवशी फोन लागला.

"चूक माझीच हाय, अण्णा," प्रेरणा म्हणाली. "पाणी उणे कसं असंल, म्हणून मी तो रकाना बिनचिन्हाचा ठेवला. अनसाइन्ड म्हणतात. त्यात उणेच्या रेघेला जागाच नसते. तुमचा आकडा शून्याच्या मागं गेला आणि फिरून पार शेवटच्या टोकाला निघाला."

कल्लप्पाला आपली जुनी स्कूटर आठवली.

"स्कूटर विकायच्या टायमाला मी मीटर उलटा फिरविला होता. जरा जास्तच फिरला. एकदम नव्व्याण्णव हजार किलोमीटर! गिऱ्हाईक पळालं."

"तेच झालंय बघा."

"मग रेघेला जागा कर की, बाई."

"पुढच्या महिन्यात दुसऱ्या डेटाबेसवर जाणार आहोत. तिथं बिनचिन्हाचा प्रकारच न्हाई."

"म्हंजे तिथं उणे चालतंय?"

"चाललं असतं. पण मी अट घातलीय, शून्याच्या खाली काही घ्यायचं न्हाई म्हणून."

"दारच न्हाई तिथं कुलूप लावलीस! कामून गं?"

"सवय, अण्णा. पण मला सांगा, शून्य म्हणजे तळच ना? तळाच्या खाली पाणी कसं?"

"येऊन बघ."

शून्य. शून्य. शून्य.

तेराव्या शून्याच्या दुपारी प्रेरणा बसमधून उतरली. कल्लप्पानं तिच्या हातात सुतळी दिली. ती खांबाशी वाकली, शून्यावर बोट धरलं आणि दगड सोडला. शून्य गेलं, दगड चाललाच होता. पाण्याला टेकला तेव्हा तिनं सुतळी मोजली, मग पुन्हा मोजली.

"त्रेचाळीस," ती म्हणाली.

"उणे म्हण."

"उणे त्रेचाळीस."

पुलाच्या सावलीत बसून तिनं लॅपटॉप उघडला. रकान्याचा प्रकार बदलला, नव्या डेटाबेसमधली अटही काढली. कल्लप्पानं मोबाइलात आकडा टाकला. दोघं इशाऱ्याची वाट बघत राहिले. फोन गप्पच. शांतम्मा मात्र खबरदारी म्हणून आधीच गच्चीवर होती.

"आता त्या तेरा शून्यांचं काय करायचं, अण्णा? खरे आकडे तर गेले."

कल्लप्पानं सदऱ्याच्या खिशातून वही काढली. तेराही सकाळी त्यानं दगड सोडला होता.

"घे लिहून. उणे चाळीस. उणे चाळीस. उणे एक्केचाळीस..."

ती टाइप करत गेली. प्रत्येक उणेला तो थांबायचा, तिनं रेघ मारलीय का ते वाकून बघायचा.

पट्टी रंगवली त्या वर्षी तिचं शून्य हातभर वाळूत पुरलेलं होतं. पुढं वाळू गेली आणि नदीचा तळच शून्याच्या खाली उतरला.