नानांचं मागणं

नानांनी उभं आयुष्य पत्र्याच्या ट्रंका ठोकण्यात घालवलं. हातोडीच्या दणदणाटाने कान तरुणपणीच अर्धे गेले होते, सत्तरी ओलांडल्यावर उरलेलेही गेले. बायको वारली त्या वर्षापासून तर समोरच्याचं बोलणं ओठांवरून ताडायचं किंवा त्याला कानाशी येऊन ओरडायला लावायचं, एवढंच हाती राहिलं. आपला स्वतःचा आवाज केवढा झालाय, हे मात्र त्यांना कुणी कधी सांगितलं नाही.

रोज सकाळी खाटेच्या कडेला बसून ते देवाशी बोलत. डोळे मिटून, अगदी कुजबुजत. निदान त्यांना तसं वाटे. मधल्या पातळ भिंतीपलीकडे चहा टाकणाऱ्या सुनेला शब्द न् शब्द ऐकू येई.

पहिल्यांदा तिला वाटलं, हाक मारतायत. ओले हात पुसत ती दाराशी गेली, तर नाना मिटल्या डोळ्यांनी म्हणत होते, "बाकी काही नको रे. रात्री पाय गारठतात, तेवढी ऊब मिळू दे." ती पाऊल न वाजवता मागे फिरली. त्या रात्री तिने रबरी पिशवीत गरम पाणी भरलं आणि पिशवी त्यांच्या पायाशी पांघरुणात सरकवली.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आलं, "ऐकलंस रे माझं! पोरीच्या मनात तूच घातलंस."

सून हसली. संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो जरा अवघडला. "असं चोरून ऐकू नये गं."

"चोरून कुठे? मी काय कान काढून फडताळात ठेवू? आणि अहो, खिडकीजवळ उजेडात बसावंसं वाटतं त्यांना. आपल्याकडे कधी तोंड उघडलंय?"

रविवारी मुलाने खाट खिडकीखाली ओढली. "इथे हवा चांगली येते नाना," तो त्यांच्या कानाशी ओरडला. मग भात जरा मऊ शिजायला लागला. टोचणारी जुनी उशी गेली, नवी आली. नानांनी सकाळी मागायचं आणि त्या दोघांनी दोन-चार दिवस जाऊ देऊन, सहज केल्यासारखं करायचं.

नाना पालटले. बायको गेल्यापासून जेमतेम चार घास खाणारा माणूस ताट स्वच्छ करू लागला. काठी घेऊन कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जाऊन बसू लागला. हा न्हावी त्यांचा जुना दोस्त. त्याला ते म्हणाले, "तिच्या आजारात इतकं विनवलं, तेव्हा देव ढिम्म होता. आता मात्र ऐकतो बघ."

"मग माझंही एक सांग," न्हावी त्यांच्या कानात ओरडला. "अर्ध्या गावाला टक्कल पडलंय, धंदा बसला. थोडे केस उगवू दे म्हणावं!"

नाना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. घरी येऊन त्यांनी तो विनोद सुनेला दोनदा सांगितला.

आणि मग एका सकाळी त्यांनी लेकीला मागितलं.

ही लेक मुलाहून मोठी. आईच्या आजारात ऑपरेशन करा म्हणून ती हटून बसली होती. आई घाबरली, नको म्हणाली, आणि नाना बायकोच्या बाजूने उभे राहिले. देवावर भार टाकू, म्हणाले. तीन महिन्यांत आई गेली. "देवाच्या नादी लागून आईला घालवलंत," एवढं बोलून लेक जी गेली, ती पुन्हा या घरात आली नव्हती.

"तेवढी पोर एकदा डोळ्यांना दिसू दे," भिंतीपलीकडून येत होतं. "तुला काय अवघड आहे?"

सुनेचं गॅसवरचं दूध उतू गेलं.

मुलाने बहिणीला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि विषय बदलला. मग सुनेने केला. "ताई, तासभर या हो. रोज तुमचं नाव घेतात."

"कुणाकडे?" ताई म्हणाली. "देवाकडे ना? मी जिवंत आहे, माझा नंबर आहे. मला का नाही बोलावत?"

सुनेने हळूच फोन ठेवला.

नाना आता सकाळीच धुतलेला सदरा घालून खिडकीत बसत. रस्त्यावर रिक्षा थांबली की मान पुढे काढत. होता होता महिना उलटला. ताटात भात उरायला लागला. न्हाव्याकडे जाणं थांबलं. सकाळचं बोलणंही बदललं. "पिशवी देतोस, उशी देतोस, आणि पोर देत नाहीस. माझं काय चुकलं ते तरी सांग." हेच पुन्हा पुन्हा.

सुनेला ते सोसवेना. एका दुपारी ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि ओठ दिसतील अशी, मोठ्याने म्हणाली, "नाना, ताईंना तुम्ही स्वतः फोन करा."

नाना तिच्याकडे बघत राहिले. "माझ्या मनात ती आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

तिने मान खाली घातली. मग भिंतीकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या कानाला हात लावला.

नानांनी वळून भिंतीकडे पाहिलं. "गरम पाण्याची पिशवी?"

"मी ऐकलं होतं."

"खाट?"

"ह्यांनी ओढली. मी सांगितलं म्हणून."

"भात? उशी?" ती नुसती मान हलवत गेली. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे सगळंच?"

"सगळंच, नाना."

ते रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दमली असशील गं. लाव फोन."

तिने फोन लावून त्यांच्या तोंडाशी धरला. "मी बोलतोय," नाना म्हणाले. "मला ऐकू येत नाही. एकदा येऊन जा." मग त्यांनी फोन तिच्या कानाला लावला आणि तिचा चेहरा निरखत राहिले. "काय म्हणाली? खरं सांग. आता माझी समजूत घालू नकोस."

"बघते म्हणाल्या."

"बघते म्हणजे येणार नाही," नाना म्हणाले. "तिची आईही असंच म्हणायची."

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडे आवाज नव्हता. नाना खाटेच्या कडेला बसत, पण तोंड मिटलेलं. सून गॅस बारीक करून ऐकत उभी राहायची. आठवडाभराने तिने न राहवून त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "नाना, आता देवाशी बोलत नाही?"

"कशाला? तो असला तर न बोलताही त्याला कळेल. नसला, तर तुला उगाच धावपळ."

"मला चालेल हो!" ती ओरडली. "तुम्ही मागा. मलाच मागा!"

"काही नको गं," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यांना काहीच नको झालं होतं. समोर ठेवलं ते दोन घास खात, पाजलं तर पाणी पीत. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. थंडी सरता सरता, दुपारी झोपेतच ते गेले.

ताई आली ती दुसऱ्या दिवशी. गर्दी पांगल्यावर ती नानांच्या खाटेवर येऊन बसली. डोळे सुजले होते. "निघणारच होते मी," ती म्हणाली. "या महिन्यात नक्की येणार होते." सुनेने पाण्याचा पेला पुढे केला. ताईने तो बाजूला ठेवून तिचा हात धरला. "तुला सगळं ऐकू यायचं ना? शेवटी शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाले?"

सुनेला एखादं वाक्य सहज रचता आलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं.

"नाही ताई," ती म्हणाली. "शेवटी शेवटी मला काहीच ऐकू आलं नाही."