मालक मला का भीत होते

मी एक म्हातारा मेंढा आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी भित्रा आहे. मेंढराची जातच तशी. पत्रा वाजला तरी मी दचकतो, ओळखीचं कुत्रं भुंकलं तरी माझे पाय एकमेकांत अडकतात. तरीही धुळाप्पा मालकांच्या कळपापुढे कितीतरी वर्षं मीच चालतो. गळ्यात पितळी घंटा आहे आणि लोक मला म्होरक्या म्हणतात. भित्र्याला म्होरक्या केलं म्हणून हसू नका. माणसांतही तसे पुष्कळ असतात.

माझा जन्म मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाला, कुसळांच्या माळावर झाला. मी काही महिन्यांचा होतो, तेव्हा एका सकाळी मालकांनी मला काखेत उचललं. मला वाटलं, लाड चालले आहेत. त्यांनी मला जनावरांच्या दवाखान्यात नेलं, माझे चारही पाय घट्ट धरले आणि डॉक्टरांनी लोखंडी चिमट्याने माझं नरपण कायमचं बंद करून टाकलं. याला खच्ची करणं म्हणतात. धनगराच्या घरची मुलं हे जाणतात, बाकीच्यांनी घरातल्या मोठ्यांना विचारावं. ज्यांना खच्ची करत नाहीत ते एडके टकरा घेतात, वाघर म्हणजे कळपाभोवतीची जाळी तोडतात, माद्यांमागे धावून धावून वाळतात. खच्ची केलेला गप राहतो. खाल्लेलं त्याच्या अंगी लागतं. तो चांगला भरला की एक दिवस व्यापारी येतो, कमरेवर हात दाबून बघतो आणि त्याला सांगोल्याच्या बाजाराला घेऊन जातो. माझ्याबरोबर खच्ची केलेले माझे भाऊ असेच एकेक करून गेले. त्यांतलं कुणी परत आलं नाही.

मी तेवढा राहिलो, कारण मला मालकांची शीळ कळायची. त्यांनी शीळ घातली की मी वळायचो आणि माझ्यामागे सगळा कळप वळायचा. मोठा रस्ता ओलांडताना मालक पुढे हात करून ट्रक थांबवायचे आणि म्हणायचे, "चल रं राजा." त्या काळात मालक म्हणजे ताठ माणूस. मिशा अशा की पाहुण्यांची पोरं त्यांना भ्यायची. माझं कौतुक ते चारचौघांत करायचे आणि मी उगाच घंटा वाजवायचो.

दुखणं घोड्याच्या पावलांनी येतं म्हणतात. मालकांचं मात्र मुंगीच्या पावलांनी आलं. आधी रात्रीत दहादा लघवीला उठणं, मग कंबर धरून चालणं. त्यांचा मुलगा अजिनाथ सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे आणि जवळच कुंभारीला राहतो. तो त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. प्रोस्टेटची गाठ निघाली. कॅन्सरची, आणि हाडांपर्यंत पोचलेली. उपचार लांबणार म्हणून मालक, त्यांची बायको मायाक्का आणि आम्ही उरलेली मेंढरं कुंभारीला आलो. अजिनाथच्या घरामागे मोकळी जागा होती, तिथे आमची वाघर लागली.

ठरावीक महिन्यांनी मालकांना एक इंजेक्शन मिळू लागलं. ते कशाचं, हे डॉक्टरांनी अजिनाथला नीट समजावलं होतं. पण अजिनाथने वडिलांना सांगितलं, "आबा, गाठ आवळायचं औषध हाय." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याला वाटलं असणार. पोरगा वाईट नाही. बापाला असली गोष्ट कोणत्या तोंडाने सांगायची, हे त्याला सुचलं नाही, इतकंच.

औषध लागू पडलं. कंबर दुखायची थांबली, मालक पुन्हा आमच्यामागे चालू लागले. दोन वर्षं बरी गेली म्हणायला हरकत नाही. फक्त एक गोष्ट मला कळेना. मालक मला बघायचे आणि नजर वळवायचे.

ऐन थंडीत, आम्ही सगळी एकमेकांना चिकटून बसलेली असताना, मालक एकदम घोंगडं भिरकावून द्यायचे. अंगातून वाफ निघाल्यासारखा घाम यायचा आणि थोड्या वेळाने तेच घोंगडं ओढून ते कुडकुडत बसायचे. छाती हुळहुळी झाली. सदऱ्याची बटणं लागेनात. चारा उचलताना धाप लागायची. दूरच्या नात्यातल्या कुणाच्या लग्नाची पत्रिका आली तरी डोळ्यांना पाणी यायचं, आणि मग पाणी आलं म्हणून स्वतःचाच राग यायचा. मायाक्का म्हणायची, "वय झालं की आता." पण मालकांनी आयुष्यभर जनावरं बघितली होती. काय बंद झालं की काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

एका संध्याकाळी ते माझ्याजवळ उकिडवे बसले. माझी घंटा त्यांनी मुठीत धरली, वाजू नये म्हणून.

"मला खच्ची केलंय रं," ते म्हणाले. "चिमटा न लावता केलंय. मला न इचारता केलंय."

मित्रांनो, मला माणसांचं सगळं बोलणं कळत नाही. तो शब्द मात्र माझ्या ओळखीचा होता.  वाघरेबाहेर लांडग्याचा वास आला की आमच्यातलं एखादं जसं दुसऱ्याला चिकटतं, तसे मालक मला चिकटून बसले. तेव्हा मला उमगलं की मालक मला बघून का नजर वळवतात. माझ्यात त्यांना आपलं पुढचं दिसत होतं.

पुढे त्या इंजेक्शनालाही दुखणं दाद देईना. रक्ततपासणीतला गाठीचा आकडा चढू लागला. डॉक्टरांनी इंजेक्शन चालू ठेवून वर नव्या गोळ्या दिल्या. सकाळी अनशापोटी चार मोठ्या पांढऱ्या गोळ्या, आणि जेवल्यावर एक बारकी. मायाक्का रोज तांब्या भरून द्यायची आणि समोर उभी राहायची. महिनाभर मालकांनी त्या इमानाने घेतल्या.

मग शरणबसव आला. हा अक्कलकोटकडचा व्यापारी, मालकांचा जुना ओळखीचा, मनाने सरळ. त्याने सवयीने माझ्या कमरेवर हात दाबला आणि मी मालकांच्या पायांमागे सरकलो. मालक म्हणाले, "त्यो द्यायचा न्हाय." शरणबसव हसला. त्याने मालकांकडे खालीवर बघितलं, त्यांचे फुगलेले गाल, सुटलेलं पोट, आणि कौतुकाने म्हणाला, "मालक, तुमीबी चांगलं भरलाय की वो. मागल्या खेपंला लई वाळला होता."

त्याला बिचाऱ्याला वाटलं, आपण धीर दिला. मालकांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांच्या मुलखात 'भरला' हा शब्द माझ्यासारख्यांना लावतात, आणि त्यानंतर काय होतं ते मालकांइतकं कुणाला ठाऊक? खच्ची करायचं, चारायचं, भरला की दावं व्यापाऱ्याच्या हाती द्यायचं.

दुसऱ्या दिवसापासून मालकांनी गोळ्या तोंडात टाकायचं सोंग सुरू केलं. त्या जिभेखाली ठेवून, पाणी पिऊन, ते चूळ भरायच्या निमित्ताने वाघरेकडे यायचे. मुठीत थुंकायचे. मग लेंड्यांच्या ढिगात टाचेने खड्डा करायचे, गोळ्या आत लोटायचे आणि वरून माती सारायचे. हे रोज माझ्या डोळ्यांसमोर चाले. मी बें बें करून मायाक्काला हाक मारली. तिने मला पाणी आणून ठेवलं. मी पाणी प्यालो नाही, तर ती म्हणाली, "ह्यालाबी काय झालंय कुणाला ठावं."

त्या दिवसांत मला झोप लागत नसे. मालकांची चाल बदलत होती आणि चाल आम्हाला माणसांच्या आधी कळते. आधी डावा पाय घासू लागला. मग बसल्यावर उठताना माझ्या पाठीचा आधार लागू लागला. पूर्वी ते माझ्या पाठीवर नुसता हात ठेवायचे, आता सगळा भार पडायचा. पाठीतली कळ दाबायला ते टॉवेल दातांत धरायचे. मला वाटायचं, आता व्यापारी येणार. माझ्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी. कोणत्या रूपात येईल ते मात्र कळत नव्हतं.

एके सकाळी आम्ही रस्त्याकडेने चरायला निघालो होतो. मागून शीळ आली, ती अर्धीच. मी वळून बघितलं तर मालक मातीत पडले होते. ते हातांवर उठायचे आणि कमरेखालचं शरीर जागचं हलायचं नाही. "पाय कुटं गेलं?" ते म्हणत होते. "माजं पाय कुटं गेलं?" गाड्या जात होत्या. मेंढरं माझ्याकडे बघत होती, मी कुठे जातो ते बघायला. मी म्होरक्या, पण माझे पाय जमिनीला खिळले.  मागून मायाक्का धावत आली तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

मालकांना दवाखान्यात ठेवलं. मणक्यातल्या गाठीने पायांच्या शिरा दाबल्या होत्या. विजेचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार दिला, सुया दिल्या. नंतर घरात ऐकलं, डॉक्टर अजिनाथला पुन्हा पुन्हा विचारत होते, गोळ्या वेळेवर घेतात ना? अजिनाथ म्हणत होता, एक दिवस चुकला नाही. इकडे मायाक्का रिकामे हात स्वस्थ बसेनात म्हणून खोरं घेऊन वाघर साफ करू लागली. ढिगात खोरं घातलं आणि पांढरं काहीतरी वर आलं. तिने उचललं, पदराला पुसलं, मग खाली बसून हाताने उकरू लागली. काही विरघळून पीठ झाल्या होत्या, काही जशाच्या तशा होत्या. ती रडली नाही. ओंजळ भरून ती तशीच बसून राहिली, आणि मी जवळ जाऊन उभा राहिलो.

मालक घरी आले ते दोघांच्या खांद्यांवर. पाय थोडेसे हलत होते. अंगणात बाजेवर त्यांना निजवलं. मी शेजारीच खुंट्याला होतो. मायाक्काने ओंजळ त्यांच्यापुढे धरली.

"ह्ये काय केलंत?"

 मालक बोलले ते माझ्याकडे बघून. "मला खच्ची केलंय तुमी. आता भरवताय. फुडं काय असतंय ते मला ठावं हाय. आयुष्यभर म्याच केलंय त्ये."

अजिनाथने मान खाली घातली. मायाक्काने मात्र माझ्याकडे बोट केलं. "ह्योबी खच्चीच हाय की. कुटं मेला?"

"ह्याला मी ठिवला म्हणून."

"मग तुमाला आमी ठेवणार न्हाय व्हय?"

 मालकांनी तोंड भिंतीकडे केलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. मायाक्का बाजेवर बसली आणि लहान मुलाला थोपटावं तशी पाठीवर हात फिरवू लागली, दुखऱ्या मणक्याला धक्का न लावता.

थोड्या वेळाने मालकांनी तोंड वळवलं, माझं शिंग घट्ट धरलं आणि मुलाला हाक मारली. "अजिनाथ, आता खरं सांग. झाकू नगं."

अजिनाथ बाजेजवळ खाली बसला. त्याने सांगितलं. "आबा, त्या गाठीचा चारा म्हंजी पुरुषाच्या अंगातला रस. इंजेक्शननं त्यो बंद केला. तुमी म्हणताय त्ये खरं हाय. म्या तुमाला सांगाय पायजे होतं. पन गाठीनं चोरवाट काढली, अंगात दुसरीकडनं थोडा थोडा रस मिळवला. ह्या गोळ्या ती वाट बुजवत्यात. घाम, सूज, थकवा, समदं त्यापायीच हाय."

"बरा हुईन का?"

"न्हाय आबा. बरं हुणार न्हाय. गोळ्या घेतल्या तर ती दबून राहील. किती दिस, ते डॉक्टरांनाबी ठावं न्हाय. न्हाय घेतल्या तर पाय जातील, आन मग तुमीबी."

माझ्या आयुष्यात मी इतकं भीतीदायक बोलणं ऐकलेलं नाही. मला वाटलं, मालक आता कोसळणार. पण मालकांनी लांब श्वास सोडला, आणि त्यांचा माझ्या शिंगावरचा हात पहिल्यांदा सैल पडला. भीती गेली नव्हती. ती आता चौघांत वाटली गेली होती, मला धरून.

"सकाळी अनशापोटी ना?" मालकांनी विचारलं. "मग उद्या लवकर उठव."

त्याला आता बरेच महिने झाले. डॉक्टरांना जुनी हकीकत सांगितली, त्यांनी गोळ्या नव्याने सुरू केल्या. मालक काठीवर चालतात, रस्त्यापर्यंत येतात, पुढे मायाक्का नेते. घाम अजून येतो. छाती अजून दुखते. रक्त तपासायचा दिवस जवळ आला की घरात कुणाला जेवण जात नाही, आणि मालक उघड म्हणतात, "मला भ्या वाटतंय." कुणीतरी म्हणतं, "आमालाबी." मग सगळे चहा घेतात. मला ते फार बरं वाटतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी मोठं माणूस थंडीत घोंगडं फेकून बसत असेल, कारण नसताना रडत असेल, औषध घेतो म्हणून घेत नसेल. त्याच्याशी खोटं गोड बोलू नका. काय चाललंय ते त्याला विचारा, आणि त्याच्या औषधाचं खरं काय ते त्याला सांगा. ढिगात काय पुरलं जातंय हे मी रोज बघत होतो. मला वाचा नव्हती. तुम्हाला आहे.