चार इस्पिक, जरा सावकाश

ब्रिजच्या टेबलावर दादांचा हात बोलीच्या कार्डांच्या डब्याकडे गेला, कार्डांवरून एकदा फिरला आणि रिकामाच परत आला. त्यांनी आपली तेरा पानं मिटली, पुन्हा पसरली. समोर भिडू म्हणून बसलेल्या धाकट्या भावाने नजर टेबलाच्या हिरव्या कापडावर ठेवली होती. भिडू विचारात असला की त्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं. धाकटा बघत नव्हता, मनात मोजत होता. दातांचे डॉक्टर ते; भूल चढेपर्यंत आकडे मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता.

वीस झाले तेव्हा दादांनी कार्ड ठेवलं. चार इस्पिक.

डॉक्टरांचा प्रश्न सरळ होता. त्यांची चार किलवरची बोली म्हणजे, किलवरचा एक्का माझ्याकडे आहे, तुझ्याकडे एखादा असेल तर दाखव. आणि दादांचं उत्तर होतं, नाही, इथेच थांबू या. इस्पिक हुकूम, तेरापैकी दहा हात करायचे, विषय संपला. डॉक्टरांकडे बदामाची दोनच फुटकळ पानं होती. दादांकडे बदामाचा एक्का नसेल तर त्या रंगाचे पहिले दोन हात गेल्यातच जमा. शहाण्या माणसाने पास म्हणून गप्प बसावं.

पण साधं नाही म्हणायला वीस आकडे लागतात का? काहीतरी आहे दादांकडे. सांगू की नको, यात अडकले होते.

बोलीवरून हवं ते ताडावं, भिडूने घेतलेल्या वेळावरून काही ताडू नये, हा ब्रिजमधला पहिला धडा. दर गुरुवारी नवशिक्यांना तो शिकवतं कोण, तर हेच डॉक्टर. त्यांनी सहा इस्पिकचं कार्ड ठेवलं. बारा हात.

डावीकडच्या गणिताच्या बाईंनी चष्म्यावरून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि बदामाचा राजा खेळल्या. खेळणार डॉक्टर होते, म्हणून नियमाप्रमाणे दादांनी आपली पानं टेबलावर उलगडून मांडली. त्यांत बदामाचा एक्का होता.

त्यानंतरचा खेळ शाळेतल्या पोरालाही जमला असता. बारा हात झाले. बाईंचे जावई त्यांचे भिडू होते. ते सासूबाईंसमोर सहसा तोंड उघडत नसत. आज उघडलं.

"मानलं डॉक्टर! याच पानांवर बाकी सगळी टेबलं चारावरच थांबली असणार. हा अंदाज आला कसा तुम्हाला?"

"आला," डॉक्टर म्हणाले. कानाच्या पाळ्या तापल्याचं त्यांना कळत होतं.

पंचांना हाक मारायला बाईंनी नुसतं बोट वर करायचा अवकाश होता. पण त्यांनी पानं गोळा केली आणि दादांना विचारलं, "चहा सांगू का तुमच्यासाठी?"

शेवटची फेरी संपली तेव्हा फळ्यावर दोघा भावांची जोडी पहिली होती. फिरता चषक अकरा वर्षांनी त्यांच्याकडे येणार होता. "या वर्षी आपला रे," असं दादा महिनाभर म्हणत होते. आता मात्र ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून शर्टाच्या बाहीचं बटण लावत होते, काढत होते. लोक डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारून जात होते आणि प्रत्येक थापेला त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. गेल्याच गुरुवारी त्यांनी एका नवशिक्या मुलीला याच गोष्टीवरून चारचौघांत बोल लावले होते.

जिन्याच्या तोंडाशी त्यांनी बाईंना गाठलं.

"तुम्ही पंचांना का नाही बोलावलं? तुम्हाला कळलं होतं."

"कळलं होतं."

"मग?"

बाईंनी पर्सची साखळी ओढली. "बोलावलं असतं तर पंचांनी दादांना विचारलं असतं, एवढा वेळ कसला विचार करत होतात? आणि एक्का असून नाही का म्हणालात? चारचौघांत काय सांगितलं असतं त्यांनी? तुमच्या चार किलवरचा अर्थच त्यांना आठवत नव्हता, डॉक्टर. ते कार्डाकडे बघत होते, नवीन पोरं बघतात तसे."

डॉक्टरांनी वळून खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं.

"त्यांच्या थांबण्यावरून आम्ही कोणीच काही ठरवत नाही हल्ली," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "सहाएक महिने झाले. मला वाटलं, घरच्यांना माहीत असेल."

घरच्यांना. दर रविवारी तीन तास दादांच्या समोर बसत होता तो हा घरचा. वहिनी हल्ली दादांना गाडीत बसवेपर्यंत फाटकाशी उभ्या राहायच्या, त्यावर यांनी थट्टा केली होती, काय वहिनी, नवरा पळून जाईल की काय! त्या हसल्या नव्हत्या. भावाचं मन असं पान पान गळत होतं आणि हे त्यातून एक्के मोजत बसले होते. इतकी लाज डॉक्टरांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पंच निकालाच्या कागदावर सही करत होते.

"सहा इस्पिकचा डाव काढून टाका," डॉक्टर म्हणाले. "चार लिहा."

"बाईंची तक्रार आहे?"

"माझी आहे. माझ्याविरुद्ध. मला पास म्हणायला हवं होतं."

"भिडू थांबले होते का?"

"मी बोली चोरली, एवढं लिहा. त्यांना काही विचारू नका."

पंचांनी खिडकीकडे पाहिलं, मग मान हलवली. "दुसरे याल."

"चालेल."

चालणार नव्हतंच. दादांसाठी तो चषक काय होता हे त्यांना ठाऊक होतं, आणि पुढच्या वर्षाची खात्री आता कोणी देऊ शकत नव्हतं. ते खिडकीशी गेले आणि खुर्ची ओढून बसले. फळ्यावर पंच आकडा पुसून नवा लिहीत होते. दादा ते पाहत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"का रे पुसलं?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "काही चुकलं का?"

"हो. माझी चूक झाली, दादा. नको ती बोली दिली मी."

"तुझी?"

"माझीच."

"नक्की? मला वाटलं, माझंच काहीतरी..." दादांनी वाक्य सोडून दिलं. बाहीवरचा हात खाली आला. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि दुपारपासून पहिल्यांदा ते मोकळं हसले. मग लहानपणी गणित चुकल्यावर मारायचे तशी टपली त्यांनी धाकट्याच्या टकलावर मारली.

"गेला ना चषक, गाढवा? समोर बसून लक्ष कुठे असतं रे तुझं?"