बासष्ट टक्क्यांवर

सुलोचनाबाईंना शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय काही निवृत्त झाली नव्हती. स्वतःची चूक घडली ती एका मंगळवारी दुपारी, करडी गावातल्या घरात.

घरचा कम्प्युटर चौदा वर्षांचा. त्यात बाई आपल्या भागातल्या झाडीबोलीतले शब्द जमवत. तो फार रेंगाळतो म्हणून त्यांनी पेनड्राइव्हवरून नवी सिस्टिम टाकायला घेतली. मोबाइलवरचा व्हिडिओ अर्धाच पाहिला. पुढचं आपल्याला समजलं, असं त्यांना वाटलं. पडद्यावर इंग्रजीत काहीबाही विचारलं जाई आणि बाई न वाचता 'नेक्स्ट' दाबत. बासष्ट टक्क्यांवर वीज गेली. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेली होती. त्याच्यावरचा क्रोशाचा रुमाल मात्र बाई दर आठवड्याला धूत.

वीज आली तेव्हा काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ होती. सिस्टिम सापडत नाही.

नवरा, देवाजी, दारातून डोकावले. "पयले त चालू होता ना?"

"चालूच होता," बाई म्हणाल्या. "म्हणूनच त सुधरवाले गेली."

देवाजी धानाच्या बांधीकडे निघून गेले. ते हसले असते तर बाईंना भांडता तरी आलं असतं.

तीनदा बंद-चालू करून आणि एकदा चापट मारून झाल्यावर त्यांनी अंजूला फोन लावला. अंजू त्यांची जुनी विद्यार्थिनी. मोहाडीत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कुटीवर आली, दुकानातला यूपीएस पायाशी ठेवून.

"बाई, सारी डिस्क मिटवली का तुमी?"

"मले काय माहीत? तो नेक्स्ट म्हणे, मी नेक्स्ट करत गेली."

"वाचलं नाही?"

पस्तीस वर्षं 'प्रश्न नीट वाचला नाही' म्हणून मार्क कापलेल्या बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

अंजूनं घाई केली नाही. आधी काहीच न टाकता तिनं मशीन नुसती पेनड्राइव्हवरून चालू करून पाहिली. जुनी सिस्टिम होती तो भाग साफ झाला होता, पण डिस्कचा दुसरा भाग शाबूत होता, आणि बाईंचं फोल्डर त्यातच होतं. ते तिनं दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवलं, आपल्या मोबाइलवरही घेतलं आणि फाइल उघडली.

"बाई, तीनशे बाराच शब्द आहेत. बाकीचे गेले वाटते."

बाईंचे कान तापले. साऱ्या गावात, निरोपसमारंभाच्या भाषणातसुद्धा, त्या दोन हजार सांगत आल्या होत्या. अंजू आणखी शोधायला लागली. विजेनं खाल्ले म्हटलं असतं, तर उरलेले सोळा-सतराशे शब्द एका झटक्यात खरे झाले असते. बाईंनी ते म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

"नोको शोधू," त्या म्हणाल्या. "एवढेच होते."

"मंग दोन हजार?"

"ते भाषणातले."

अंजूनं मान खाली घालून हसू दाबलं आणि आपला यूपीएस जोडून सिस्टिम पुन्हा टाकायला घेतली. टक्के हळूहळू चढत राहिले. या खेपेला वीज गेली नाही. दीड तासानं जुना कम्प्युटर नव्या चेहऱ्यानं उघडला, तेव्हा अंजू मोबाइलवर यादीच वाचत होती.

"बाई, बोडी म्हणजे नुसता लहान तलाव नाही. तलाव गावाचा रायते. बोडी आपल्या घरची, आपल्या धानाले पाणी द्यासाठी. आमच्या बाबाची आहे ना."

बाईंनी चष्मा पुसला, वही ओढली आणि लिहून घेतलं.

"अजून किती चुकले?"

"चहा मांडा," अंजू म्हणाली. "मंग सांगते."